अकरा वेढे

अण्णा, माझे वडील, गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. दर पंधरवड्यासारखी मी धाराशिवहून सकाळच्या एसटीनं लोहाऱ्याला आणि तिथून वडापच्या जीपनं सास्तूरला आले. जानेवारी सरत आला होता, ज्वारी हुरड्यात होती, आणि अण्णांच्या दुकानातली जळालेल्या मोटरींची रांग पायरीपर्यंत आली होती. रब्बीत व्होल्टेज पडतं, विहिरीवरची मोटर गुरगुरते, तापते, जळते, आणि माणसं ती मोटारसायकलवर आडवी घालून आमच्याकडे आणतात. जळकी तार तोडून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. अण्णांनी पस्तीस वर्षं मोटरी भरल्या. पाटीवर फक्त ‘बंडप्पा रिवायंडिंग’ लिहिलेलं होतं. बाकीचं गाव बोलायचं : बंडप्पाची कॉइल परत येत न्हाय.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. सुट्टीला आले की दुकानातल्या लाकडी बाकावर पुस्तक घेऊन बसायचं आणि अण्णांनी वेढे घालायच्या मशीनचा दांडा फिरवत राहायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा सहवास. फार बोलणं नसे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, काय वाचतीस. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी नाव ऐकून मान हलवली आणि पुन्हा दांडा हातात घेतला.

अकराच्या सुमारास बिराप्पामामा आले. अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, साठ-सत्तर मेंढरांचे मालक, खांद्यावर घोंगडी, छातीत सतत घरघर. दिवसाला दोन बंडल विड्या ओढायचे. लातूरच्या डॉक्टरांनी विडी बंद सांगितल्यावर त्यांच्या भाच्यानं हैदराबादहून एक ‘पेन’ आणून दिलं होतं, बटण दाबून ओढायचं, धूर निघतो ते. त्यातल्या रसात विडीतलंच विष असतं आणि आपल्याकडे त्याच्या विक्रीला बंदी आहे, हे मामांच्या गावीही नव्हतं. आठ दिवसांत त्याचा सेल बसला, तेव्हा ते पेन घेऊन ते अण्णांकडे आले. ही दसऱ्याची गोष्ट.

अण्णांनी पेन उघडलं आणि दोन दिवस त्यात डोकं घालून बसले. रस गटारात ओतला, टाकी धुतली, आणि त्यात औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन आणि ओव्याचा अर्क घालून त्याचा वाफारा केला. आतली इवलीशी कॉइल फेकून हिटरच्या बारीक तारेचे अकरा वेढे स्वतःच्या हातानं घातले. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला एक चांगला सेल बसवला. पेनातलं छोटं कार्ड मात्र तसंच ठेवलं. त्या वाफेनं मामांची छाती सुधारली असं मी म्हणणार नाही. डॉक्टर तर नुसतेच खांदे उडवायचे. पण विडी दोन बंडलांवरून दोन विड्यांवर आली, हे गावानं पाहिलं.

त्या रविवारी मामांची एकच तक्रार होती.

‘‘बंडप्पा, धूरच दिसत न्हाय रं. मेंढरं बी हसाय लागली मला.’’

‘‘मेंढरांना दाखवाय वडतूस व्हय?’’ अण्णा दांडा फिरवतच म्हणाले.

मामा म्हणाले की, हैदराबादी पेनाचा ढग कसा डोक्यावरून जायचा. तेव्हा अण्णांनी दांडा थांबवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एक सेल हातात घेऊन त्यांना समजावलं. तार बारीक आणि वेढे जास्त असले की विजेला वाट अरुंद मिळते, सेल दमानं चालतो. तार जाड करून वेढे कमी केले की वाट मोकळी होते, वीज धो धो धावते, कॉइल लालबुंद होते, ढग निघतो. पण तेवढी वीज द्यायची सेलाची ताकद नसते. तो आतून तापतो, फुगतो, आणि एखाद्या दिवशी फुटतो.

‘‘ह्यो सेल म्हंजे बैल समज,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आन हे कार्ड म्हंजे कासरा. बैल किती वढतुया, किती दमलाय, समदं त्येला कळतं. लई झालं की थांबवतं. कासरा सोडला तर धूर लई निघंल, पण बैल मरंल. आन मरताना तुला लाथ घालंल.’’

‘‘ऱ्हाऊ दे मग,’’ मामा म्हणाले, ‘‘आदीच मला बायकूच्या लाथा हायत्या.’’

अण्णा हसले. दुपारी आम्ही भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट वरण खाल्लं. संध्याकाळच्या वडापनं मी परत निघाले. पोचल्यावर फोन केला. अण्णा म्हणाले, बरं. फोनवर नंतर पाहिलं तर ते बोलणं बावीस सेकंदांचं होतं.

सोमवारी सकाळी अकरा वाजता अव्वा, म्हणजे माझी आई, चहा घेऊन दुकानात गेली. अण्णा मशीनवर वाकलेले होते. तिला वाटलं, खाली पडलेला स्क्रू शोधताहेत. चहा ठेवून ती थोडा वेळ थांबलीसुद्धा.

दिवस झाले. पाहुणे गेले. मी रजा वाढवून राहिले होते, कारण दुकानात सहा मोटरी पडून होत्या आणि अव्वा रोज सकाळी शटर उघडून त्यांच्यासमोर बसायची. विसाव्या दिवशी सकाळी एकजण आला आणि काही न बोलता आपली मोटर उचलून गाडीला बांधू लागला. अव्वानं विचारलं, तर म्हणाला, किल्लारीला भरून घेतो. दुपारी दुसरा आपली मोटर न्यायला आला. त्याला मी विचारलं. तो चप्पल जमिनीवर घासत म्हणाला, ‘‘तसं काय न्हाय ताई. पण बिराप्पाचं झालं न्हवं का.’’

बिराप्पामामांचं काय झालं ते मला तेव्हा कळलं. आदल्या दिवशी रानात त्यांच्या बंडीच्या खिशात ते पेन फुटलं होतं. घोंगडीला वीतभर भोक पडलं, पेन काढायला गेलेला तळहात भाजला. आणि चहाच्या हॉटेलात एव्हाना ठरून गेलं होतं की, बंडप्पानं शेवटी शेवटी भरलेली कॉइल खराब निघाली. म्हाताऱ्याचा हात गेला होता. मोटरी पण त्याच हातानं भरलेल्या. कुणाची कधी जळंल, काय नेम.

हे कोण बोललं, ते विचारावं लागलं नाही. संध्याकाळी शिवराज स्वतःच आला. स्टँडसमोर त्याचं मोबाइलचं दुकान आहे, पंचविशी ओलांडलेला, हुशार हात, जिभेला हाड नाही. अव्वाच्या पाया पडला, बाकावर बसला, अण्णा कसे देवमाणूस होते ते सांगितलं. मग म्हणाला की, माणूस थकतो, नजर जाते, त्यात कमीपणा काय.

मी विचारलं, ‘‘मामांचं पेन तुझ्याकडं आलं होतं का?’’

‘‘आलं होतं की. अण्णा गेल्यावर म्हातारा जाणार कुठं? मी साफ करून दिलं. काय केलं न्हाय मी त्याला. कॉइल अण्णांचीच.’’ मग उठता उठता, जणू सहज आठवलं म्हणून, ‘‘आन ताई, पहिल्यांदाच झालं असं थोडंच हाय? आमच्या आबांची मोटर आठ दिवसांत जळाली होती की. ती पण इथंच भरलेली. आबा मरंस्तवर सांगायचे.’’

अव्वानं पदर तोंडाला लावला.

त्या मोटरीबद्दल इथंच सांगून टाकते. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. अण्णांच्या मशीनचं आकडा दाखवणारं चाक मोडलं होतं, म्हणून अण्णा दांडा फिरवायचे आणि मी मोठ्यानं वेढे मोजायची. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तसं अण्णांनी मला शिकवलेलं : लाभ, दोन, तीन. शिवराजच्या आबांच्या मोटरीला दर कॉइलला बासष्ट वेढे होते. माझ्या मांडीवर कादंबरी उघडी होती. एका कॉइलला मी एकोणचाळीस म्हणाले, एक ओळ वाचली, आणि पन्नास म्हणाले. म्हणताच कळलं. पण कादंबरीत काय होणार ते मला हवं होतं, आणि दहा वेढ्यांनी काय होतं, असं वाटलं. दहा वेढे कमी म्हणजे तेवढी वीज जास्त. आठव्या दिवशी मोटर जळाली. आबांची कांद्याची रोपं सुकली. ते आमच्या पायरीवर उभे राहून तासभर ओरडले, आणि अण्णा हात जोडून म्हणाले, माझंच चुकलं. मोटर पुन्हा भरून दिली. जळकी कॉइल तोडण्याआधी वेढे मोजायचेच, हा या धंद्यातला पहिला नियम आहे. त्यांनी ते मोजले असणारच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोलापूरहून नवं आकड्याचं चाक आणलं आणि मला सांगितलं, तू आता अभ्यास कर. माफ केलं, की कामावरून काढून टाकलं, हे मी तेवीस वर्षांत त्यांना विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात जाऊन बिराप्पामामांना गाठलं. हाताला पांढरी पट्टी, तोंडात विडी. ते मला पाहून ओशाळले आणि विडी विझवली.

‘‘पोरी, म्या कुणाला काय बोललो न्हाय. बंडप्पाला कसा नाव ठिवीन म्या?’’

मी पेन मागितलं. त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेले तुकडे दिले. दुकानात आणून मी अण्णांच्या दिव्याखाली ते मांडले. खूप वर्षांनी त्या स्टुलावर बसले होते. सेल फुटून काळा झाला होता, नळी वाकली होती. कॉइल मात्र शाबूत होती. मी सुईनं मोजली. लाभ, दोन, तीन, चार, पाच. संपली. तार तर इतकी जाड, की तसली अण्णांच्या कपाटात कधी नव्हतीच.

भिंतीवरच्या खिळ्याला वायंडिंगची वही लटकलेली होती. अण्णा भरलेल्या प्रत्येक कॉइलची नोंद करायचे. दसऱ्याच्या पानावर, दोन मोटरींच्या मध्ये, त्यांचं वाकडं अक्षर : ‘बिरू पेन. बारीक तार. वेढे ११. कार्डासह.’

मग मी कार्ड पाहिलं. ते जळलं नव्हतं. साधा डागसुद्धा नव्हता. त्याच्या दोन्ही तारा कापलेल्या होत्या, आणि सेलापासून बटणाला, बटणापासून कॉइलला एक लाल वायर सरळ गेली होती. कार्ड आत नुसतं प्रवासी म्हणून बसलं होतं.

आमच्या भागात याला नाव आहे : डायरेक्ट. स्टार्टर सारखा पडतो, डायरेक्ट करा. फ्यूज उडतो, तार टाका, डायरेक्ट. मोटर जपायला बसवलेली जी जी वस्तू आड येते, ती ओलांडून जायचं. गावातल्या निम्म्या मोटरी या एका शब्दानं जळतात, आणि डायरेक्ट करणाऱ्याला कधीच वाटत नाही की आपण काही केलं.

मी अव्वाला सगळं दाखवलं. तिला आकडे कळले नाहीत, लाल वायर कळली.

‘‘मला सांगून काय उपेग?’’ ती म्हणाली. ‘‘मला माहीतच हाय त्यांचा हात. बाजारच्या दिवशी पायरीवर सांग.’’

बाजार परवाच होता. मधल्या दोन दिवसांत मी अण्णांच्या कपाटातून लॅपटॉपचे दोन सेल काढले, सारखेच, एकाच बॅटरीतले, आणि दोन्ही पूर्ण भरले. बारीक तारेचे अकरा वेढे घालायला मला एक पूर्ण दुपार लागली. पहिल्या तीन कॉइल वाकड्या झाल्या. चौथी सरळ आली. मीटरवर तिचं माप घेतलं, आणि मामांच्या पेनातल्या जाड कॉइलचंही घेतलं. अकरा वेढ्यांची कॉइल विजेला पाचपट जास्त अडवत होती. कागदावर भागाकार केला : अण्णांची कॉइल सेलाकडून अडीच अँपिअरच्या आसपास मागत होती, जाड कॉइल बारा-चौदा. तो सेल पाचाच्या वर द्यायला बनवलेलाच नव्हता. बैल अण्णांनी बरोबर निवडला होता.

बाजारच्या दिवशी मी पायरीवर टेबल मांडलं. खाली लोखंडी घमेल्यात वाळू. बिराप्पामामांना बोलावलं होतं. मोटर घेऊन गेलेले दोघं भाजीच्या पिशव्या घेऊन आले. बघता बघता पंचवीस-तीस माणसं जमली, आणि रस्त्यापलीकडून शिवराजही आला, कारण न येणं वाईट दिसलं असतं. मला वर्गात बोलायची सवय नाही. मी वाचनालयात गप्प बसा म्हणणारी बाई. पण त्या दिवशी मला आवाज शोधावा लागला नाही.

मी सांगितलं की, आज फक्त हात लावून बघायचं, बाकी काही नाही. पहिल्यांदा अण्णांच्या मापाची कॉइल, अण्णांनी ठेवलेल्याच कार्डातून. बटण चार सेकंद दाबायचं, सोडायचं. ओव्याचा वास पायरीवर पसरला. वीस वेळा दाबलं. मीटरचा काटा अडीचच्या आसपासच राहिला. मग मी मामांना म्हणाले, चांगल्या हातानं सेल धरा.

मामांनी धरला. गालाला लावून पाहिला.

‘‘गार हाय की. मेंढीच्या नाकावानी.’’

सेल हातोहात फिरला. प्रत्येकानं तो दाबून पाहिला, बाजारात वांगं दाबून बघतात तसा. मोटर घेऊन गेलेल्यांपैकी एकानं तो परत देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

‘‘आता मामांच्या पेनात निघाली ती कॉइल,’’ मी म्हणाले, आणि सगळ्यांसमोर सुईनं वेढे मोजून दाखवले. पाच. वही उघडून दाखवली. अकरा.

शिवराज मागून म्हणाला की, वहीत माणूस काहीही लिहील, ताई. वय झालं होतं अण्णांचं.

‘‘बरोबर,’’ मी म्हणाले. ‘‘वही बाजूला ठेवू. ही पाच वेढ्यांची कॉइल अण्णांनीच घातली असं धरू. कार्ड पण त्यांचंच.’’ मी जाड कॉइल कार्डाला जोडली आणि बटण दाबलं. कार्डावरचा दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं. तीनदा लुकलुकला, विझला. वाफ नाही, ऊब नाही, काही नाही.

‘‘मामा, चार महिने तुमचं पेन चाललं?’’

‘‘चाललं की. रोज.’’

‘‘मग ही कॉइल कशी चालली असेल? कार्ड तर तिला एक क्षणही चालू देत नाही.’’

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि तेव्हा शिवराज, ज्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं आणि ते दाखवल्याशिवाय राहवत नव्हतं, तो म्हणाला :

‘‘अडवणारच ना ते. जाड कॉइलला कार्ड अडवतंच. म्हणून तर डायरेक्ट केलं.’’

मग मामांनी मान वळवली.

‘‘डायरेक्ट केलंस?’’

‘‘म्हंजे... तुम्हीच म्हणला धूर दिसत न्हाय.’’

‘‘आन साफ केलं म्हणालास.’’

‘‘साफ पण केलं,’’ शिवराज म्हणाला, आणि पायरीवर पहिल्यांदा हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, खिसा बी साफ झाला की बिराप्पाचा. दुसरा म्हणाला, धूर मागितला आन जाळ दिला, दिलदार माणूस. शिवराजही कसनुसा हसला. त्याला खरोखरच वाटलं नव्हतं की आपण काही केलं आहे. हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं.

मी थांबले नाही. दुसरा सेल घमेल्यात वाळूवर ठेवला, सगळ्यांना चार पावलं मागं सरकवलं, आणि लाल वायर जशी निघाली तशीच जोडली. लांब काठीनं बटण दाबलं. पापणी लवायच्या आत कॉइल लाल झाली आणि मीटरचा दहा अँपिअरचा फ्यूज टक् करून उडाला. मीटर काढून टाकलं. पाच वेळा दाबलं, चार चार सेकंद. सहाव्यांदा दाबायची माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. वायर सोडवून थोडा वेळ जाऊ दिला. मामा पुढं आले, बोट लावलं, झटकन मागं घेतलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवत फिरले, जणू ते त्यांनी लढाईत मिळवलं होतं.

‘‘बगा,’’ ते म्हणत होते, ‘‘पाच डावात ह्यो हाल. म्या तर दिसभर वडायचो.’’

अव्वा दारात उभी होती. तिनं बाहेर येऊन त्या गार सेलाला हात लावला, मग गरम सेलाजवळ नेला आणि मागं घेतला. आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. पाहुणे गेल्यापासून तिनं पहिल्यांदाच एवढं मोठं पातेलं चुलीवर चढवलं होतं.

एक मोटर, किल्लारीला न्यायची राहिलेली, रस्त्यापलीकडे गाडीला बांधलेलीच होती. तिचा मालक दोरी सोडायला लागला. दुसरा म्हणाला, मी उद्या घेऊन येतो. त्यांनी विचारलं, पण आता भरणार कोण? मी म्हणाले, या सहाच्या सहा मी भरून देईन, वेळ लागेल, पण मोजून भरीन. माझा आवाज मला ओळखू आला नाही. तो दुकानात शोभणारा आवाज होता.

चहाचे कप फिरले. बिराप्पामामांनी कप वर उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘आता कुणी काय बोलायचं न्हाय. बंडप्पाची कॉइल परत आलेली न्हाय. जल्मात न्हाय.’’

‘‘न्हाय कशी?’’ शिवराज म्हणाला. आतापर्यंतचा हशा त्याला लागला होता, आणि त्याच्याजवळ एवढंच उरलं होतं. ‘‘पेनाचं माझं चुकलं, कबूल. पण आबांची मोटर? ती तर मी डायरेक्ट केली न्हवती. मी शाळेत बी न्हवतो.’’

मामा म्हणाले, जाऊ दे ते, लई जुनं झालं. बाकीचेही तेच म्हणाले. कुणी कप ठेवू लागलं, कुणी पिशवी उचलू लागलं. मी गप्प राहिले असते तर त्या दिवशी सगळं तिथंच मिटलं असतं. गावानं अण्णांना एक चूक माफ करून बाकीचं नाव परत दिलं असतं, आणि मी ते घेऊन घरात गेले असते.

‘‘थांबा,’’ मी म्हणाले.

ते थांबले. अव्वाही दारात थांबली, हातात रिकामी किटली.

‘‘शिवराज, तुझ्या आबांची मोटर अण्णांनी चुकवली नव्हती. त्या दिवशी वेढे मी मोजत होते. एकोणचाळीसवरून मी एकदम पन्नास म्हणाले, कारण मांडीवर पुस्तक होतं. म्हणताना मला कळलं होतं आणि तरी मी गप्प बसले. जळकी कॉइल काढताना अण्णांना पण कळलं. तुझे आबा इथं उभे राहून ओरडले तेव्हा मी आत दाराआड होते, आणि अण्णा म्हणाले, माझंच चुकलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ती मोटर माझ्यामुळं जळाली.’’